खेड्यांचे आरोग्य आणि बुडापेस्टची परिषद

१८९४ सालच्या सप्टेंबर महिन्यात हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे आरोग्यशास्त्र व लोकसंख्याशास्त्र या विषयांची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. युरोपातील नामांकित डॉक्टर, इंजिनियर, आकडेशास्त्री आणि सरकारी अधिकारी तेथे जमले होते. उष्ण कटिबंधाच्या विभागाकडे जे निबंध आले त्यांत एक निबंध हिंदुस्थानातील खेड्यांच्या स्वच्छतेवर होता. तो लिहिणाऱ्या बाईंचे वय त्या वेळी ७४ होते. त्या परिषदेला गेल्या नव्हत्या. हिंदुस्थान तर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कितीतरी वर्षे त्यांनी आपल्या खोलीत, त्यांतली बरीचशी अंथरुणावर, काढली होती. त्यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटल्या त्या हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेलबाई. तो प्रसंग १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धातला. त्यानंतर बाई आणखी ५४ वर्षे जगल्या आणि त्या काळात त्यांच्या हातात दिव्यापेक्षा लेखणीच जास्त होती. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या लेखणीविषयी, आणि परिषदांतून वाचल्या गेलेल्या तिच्या निबंधांविषयी.

यंत्रमाग कामगारांत संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. दिवसा कारखान्याचे फाटक आणि रात्री सार्वजनिक ग्रंथालयातून आणलेले पुस्तक, एवढीच आमची शाळा. परंतु कामगारांच्या आरोग्यावर भरणाऱ्या सभा-परिषदांना आम्हांला अधूनमधून बोलावणे येते, आणि तेथे बसल्यावर एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. ज्यांच्या फुप्फुसांवर निबंध वाचला जात आहे ती माणसे या क्षणी कोठे आहेत? ती पाळीवर असतात. नाइटिंगेलबाईंचे निबंध वाचताना आम्हांला दिसले की हा प्रश्न त्यांनाही हळूहळू, म्हातारपणी का होईना, सुचत गेला होता.

परिषदेपुढे निबंध ठेवण्याची विद्या त्यांना फार लवकर साधली. १८५८ साली लिव्हरपूल येथे समाजशास्त्र परिषद भरली, तिच्यापुढे रुग्णालयांच्या बांधणीवरचे त्यांचे दोन निबंध वाचले गेले. १८६० च्या जुलैत लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद झाली. प्रत्येक रुग्णालयाने रोगी, रोग आणि मृत्यू यांचे आकडे एकाच नमुन्याच्या तक्त्यांत ठेवावेत, अशी योजना बाईंनी तिच्यापुढे मांडली. विल्यम फार हे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणीतले मोठे आकडेशास्त्री त्यांच्या पाठीशी होते, आणि बेल्जमहून केतले आले होते. त्या दिवसांत बाईंनी परदेशी प्रतिनिधींना आपल्या बिऱ्हाडी न्याहारीला बोलावले. स्वतः वरच्या खोलीत राहिल्या, आतिथ्य मावसबहिणीकडे सोपवले, आणि वरून चिठ्ठ्या पाठवीत राहिल्या: साय नासलेली नसावी, अमक्या डॉक्टरांचा जाडा ग्रंथ चहा पिताना त्यांच्या नजरेस पडेल अशा जागी ठेवावा. हे वाचून आम्हांला मोठी गंमत वाटली. ठराव सभेत मंजूर होतो, पण त्याची तयारी आदल्या रात्री चहाच्या टपरीवर होते, हे संघटनेतल्या कोणाही माणसाला ठाऊक असते. बाईंचीही टपरी होती म्हणावयाची.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध आला तो गोऱ्या सैन्यामुळे. १८५७ च्या उठावानंतर येथे गोऱ्या पलटणींची संख्या वाढली आणि त्यांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी १८५९ मध्ये शाही कमिशन नेमले गेले. बाईंनी येथल्या छावण्या-छावण्यांकडून प्रश्नावली भरून मागवली. पाणी कोठून येते, मैला कोठे जातो, बराकीत माणशी जागा किती, शिपाई पितो काय? हे भरलेले कागद गाड्याभर आले. १८६३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. बाईंच्या टिपणासाठी चित्रांचे ठसे करावयाचे होते. सरकारी खजिन्याने खर्चाची कुरकूर केली, तेव्हा पैसे आपण देतो असे बाईंनी कळवले. सारांश असा निघाला की हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्यात वर्षाला हजारी ६९ शिपाई मरतात, आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे तर रोगाने मरतात. या प्रमाणाने दर २० महिन्यांनी प्रत्येक रेजिमेंटमधली एक कंपनी गाडली जात होती. त्याच वर्षी एडिंबरोच्या समाजशास्त्र परिषदेत त्यांचा निबंध वाचला गेला. हिंदुस्थानात माणसे न मरता कशी जगतील, हा त्याचा विषय. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, नॉर्विचच्या परिषदेपुढे त्यांनी पुढचा हिशेब ठेवला: हजारी ६९ चे प्रमाण १८ वर आले होते.

हे दोन आकडे आमच्या डोक्यात बरेच दिवस घोळत राहिले. दहा वर्षांत एवढा फरक कशाने पडला? शिपायाला स्वच्छतेवर व्याख्याने देऊन? शिपाई होता तोच होता. सरकारने बराकी ऐसपैस बांधल्या, गटारे काढली, पिण्याचे पाणी राखले. पैसा खर्च झाला, कारण विलायतेहून आणलेला शिपाई मेला की त्याच्या जागी दुसरा आणणे महाग पडत होते. बाईंचे शास्त्रही त्या काळी सगळेच बरोबर नव्हते. रोग घाणीच्या दुर्गंधीतून उपजतो, ही जुनी समजूत त्यांनी फार वर्षे सोडली नाही आणि जंतूंचा सिद्धांत त्यांच्या पचनी उशिरा पडला. पण गटाराला सिद्धांत कळावा लागत नाही. ते बांधले की माणूस वाचतो.

शिपायाचे भागले, आता रयतेचे काय? १८७० नंतर बाईंचे लक्ष बराकीबाहेर गेले. दुष्काळ, कालवे, सावकारी, जमिनीचा सारा यांवर त्या लिहू लागल्या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात आणि आपल्या दख्खनमध्ये जे हाल झाले ते वाचून १८७८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या लोकांवर एक जळजळीत लेख लिहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो याच वाटेने. ही सभा १८७० सालची; सार्वजनिक काकांनी उभारलेली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी वाढवलेली. रानड्यांनीच १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे आपण जाणतोच. व्याख्यानाने लोक शहाणे होतात, यावर त्या पिढीची मोठी श्रद्धा होती. नाइटिंगेलबाईंचीही होती, पण तिच्यात एक अट होती. तिच्याकडे आपण येऊच.

खेड्यातले आरोग्य म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जात असे. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. हा पैसा सडका आणि शाळा यांच्या नावाने गोळा होई. रयतेकडून घेतलेला पैसा रयतेच्या मुलांपर्यंत पोचत नाही, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या हंटर कमिशनपुढील निवेदनात रोखठोक मांडली होती. जोतीरावांचा मुद्दा शिक्षणाचा होता आणि बाईंचा मुद्दा विहिरीचा, पण दोघांचे बोट एकाच थैलीकडे होते. १८८९ साली मुंबई सरकारने ग्रामस्वच्छतेचा कायदा केला, गावांत स्वच्छता-समित्या नेमण्याची सोय केली. कायदा चांगला होता. समितीच्या हातात पैसा किती, हे विचारू नये एवढेच.

१८९१ च्या ऑगस्टमध्ये आरोग्यशास्त्राची सातवी परिषद लंडनला भरली. तीत हिंदुस्थानचा विचार स्वतंत्रपणे व्हावा आणि त्यासाठी खुद्द हिंदी माणसांनी यावे, म्हणून बाईंनी खटपट केली. पुढच्या वर्षी भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्याकडे त्यांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी निवेदन धाडले. मागणी अगदी साधी होती. खेड्यातून जो सेस गोळा होतो त्यावर पहिला हक्क त्या खेड्याच्या स्वच्छतेचा असावा. किमान पाणी नीट मिळावे आणि घाण उचलली जावी. उरेल त्यातून सडका खुशाल करा. निवेदन येथल्या सरकारकडे आले, प्रांतोप्रांतींची मते मागवली गेली, कागदाला कागद लागत गेला, आणि पहिल्या हक्काची मागणी मान्य झाली नाही.

येथे आम्हांला जरा थांबून मुंबईकडे वळावयाचे आहे. लंडनच्या परिषदेच्या आदल्या वर्षी, १८९० च्या एप्रिलमध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुटीची. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुटीला जागा मिळाली. या सभेला आरोग्य परिषद असे कोणी म्हटले नाही. पण सूर्य उगवण्यापूर्वी गिरणीत शिरून दिवे लागणीला बाहेर पडणाऱ्या बाईने आपल्या थकल्या देहाचा अहवाल स्वतःच्या तोंडाने दहा हजारांपुढे ठेवावा, यापरता आरोग्यावरचा दुसरा निबंध तो कोणता? त्या दोघींची भाषणे कोणा परिषदेच्या बाडात छापली गेली नाहीत.

आता बाईंच्या अटीकडे येऊ. १८९२ साली त्यांनी इंग्लंडातच, बकिंगहॅमशर या परगण्यात, एक प्रयोग करवला. खेड्यातल्या मजुरांच्या घरी जाऊन आयाबायांना घराची हवा, पाणी, सांडपाणी, तान्ह्या मुलांचे संगोपन यांविषयी सांगणाऱ्या स्त्रिया तयार करावयाच्या. पैसा परगण्याच्या तांत्रिक शिक्षण समितीकडून मिळवला. अशा समित्यांचा पैसा त्या काळी मुख्यतः दारूवरील कराचा असे. दारूने घालवलेले दारूच्याच पैशाने थोडे भरून काढले म्हणावयाचे. बकिंगहॅमचे आरोग्य अधिकारी डॉ. डेथ यांनी शिकवण्याचे काम पत्करले. (नाव असे, आणि काम असे!) वर्गात व्याख्यान दिले की काम संपले, असे येथे नव्हते. डॉक्टरांनी शिकणाऱ्या बायांना सोबत घेऊन झोपड्यांतून फिरावे, मग त्यांची परीक्षा व्हावी, मग काही दिवस पारख व्हावी, आणि नंतरच नेमणूक. त्यांनी कोणाच्या घरात नाक खुपसू नये, उपदेश करू नये. घरच्या बाईशी मैत्रीण होऊन बोलावे. बाईंनी खेड्यातल्या आयांना स्वतः एक पत्रही लिहिले. १८९३ च्या नोव्हेंबरात लीड्स येथे स्त्री-कार्यकर्त्यांची परिषद झाली, तिच्यापुढे या प्रयोगावरचा त्यांचा निबंध आला. गावच्या विहिरी, उकिरडे आणि डबकी यांचे त्यात केलेले वर्णन वाचले की इंग्लंडातले खेडे आणि आपले खेडे यांत फारसे अंतर नव्हते असे दिसते.

हाच धडा त्यांनी हिंदुस्थानला लावला. राष्ट्रीय सभेच्या विलायतेतील कमिटीचे ‘इंडिया’ नावाचे पत्र निघे, त्यात १८९३ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या खेड्यांतील आरोग्य-व्याख्यानांवर लेख लिहिला. शाळेच्या खोलीत जादूच्या दिव्याने पडद्यावर पाण्यातले जंतू दाखवावेत, हे त्यांना मान्य होते. पण तेवढ्याने लोक चकित होऊन घरी जातात. पाणी आहे तेथेच राहते. व्याख्यात्याने गावकऱ्यांबरोबर गावातून फिरावे, हे डबके, ही विहीर, हा उकिरडा असे बोटाने दाखवावे, आणि आहे त्या परिस्थितीत काय करता येईल ते तेथेच बोलावे, असे त्यांचे म्हणणे. ही ती अट.

ही अट किती खरी आहे, याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कामगार वस्तीत एका संस्थेने क्षयरोगावर व्याख्यान ठेवले होते. डॉक्टर तळमळीचे होते. पडद्यावर चित्रे आली, खोलीत हवा खेळती ठेवा, रोग्याला वेगळे झोपवा, असे त्यांनी समजावून सांगितले. मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिचा मुलगा बारा तासांच्या पाळीवर माग चालवीत असे, आणि घरात एका खोलीत सात माणसे. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तुमचं समदं पटलं बघा. पण खिडकी कुठल्या भिंतीला पाडू? दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, आन् मागं कारखाना हाय.” डॉक्टरांनी हात जोडले. सभेनंतर ते आपण होऊन तिच्या खोलीवर गेले, बाहेरची गल्ली पाहिली, आणि नगरपालिकेला लिहिलेल्या आमच्या अर्जावर त्यांनीही सही केली. त्या अर्जाचे पुढे सहा महिने काही झाले नाही. मग मोर्चा झाला आणि गल्लीतला तुंबलेला नाला उपसला गेला. खिडकी मात्र अजून झालेली नाही.

बुडापेस्टच्या निबंधात बाईंनी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. लोकांच्या मनाविरुद्ध स्वच्छतेचा कायदा चालत नाही, म्हणून आधी त्यांच्या चालीरीतींचा मान ठेवून त्यांना समजावले पाहिजे, हे एक. आणि समजावल्यावर विहीर बांधावयाची तर गावाच्या सेसमधून पैसा मिळाला पाहिजे, हे दुसरे. पहिली गोष्ट ऐकून कोणत्याही परिषदेत माना डोलतात. लोक अडाणी आहेत, त्यांना शिकवले पाहिजे, यावर तर सरकारचे आणि विद्वानांचे नेहमीच एकमत असते. दुसरी गोष्ट निघाली की घड्याळाकडे पाहिले जाते. आम्हांला बाईंचा मोठेपणा यात दिसतो की आयुष्यभर बड्या लोकांशी बोलूनही त्यांनी दुसरी गोष्ट गाळली नाही. त्यांची उणीवही दिसते. रयतेच्या वतीने त्या बोलल्या. रयतेला तेथे उभे करणे त्यांना जमले नाही, आणि जमते तर त्या परिषदेला ते सोसले असते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

यानंतर दोनच वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाहता पाहता तो पुण्याला आला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. समजावण्यासाठी घरोघर जाणाऱ्या बाया कोठून आणावयाच्या? पुण्यात गोरे शिपाई घरात शिरले. देवघरापर्यंत बूट गेले, माणसे उचलून छावणीत नेली गेली, सामान जाळले गेले. पुढे २२ जूनच्या रात्री काय घडले ते येथे सांगण्याची जरुरी नाही. ज्या शिपायाचे मरण हजारी ६९ वरून खाली आणावयाला खजिना मोकळा झाला होता, तोच शिपाई आता रयतेला आरोग्य शिकवावयाला पाठवला होता.

आणि ज्या सार्वजनिक सभेमार्फत खेड्यांत आरोग्याचे शिक्षण पोचावे असे बाईंना वाटे, तिचे काय झाले? १८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव गेली आणि दुष्काळाच्या सरकारी कायद्यात तुमचे कोणते हक्क लिहिले आहेत, साऱ्याची सूट कोणाला मिळते, हे त्यांनी शेतकऱ्यांना वाचून दाखवले. सरकारचाच कायदा, सरकारचेच शब्द. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. हात धुवा हे शिकवलेले चालते, हक्काचे कलम शिकवलेले चालत नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही. कारखान्याच्या फाटकावर सुरक्षिततेची पाटी मालक स्वतः लावतो, आणि त्याच फाटकावर फॅक्टरी कायद्याचे पत्रक वाटणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावरून कमी होतो.

आजही घरोघर जाऊन आरोग्य सांगणाऱ्या बाया आपल्या गावांत आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून आपण त्यांना ‘आशा’ म्हणतो. गावातली बाई गावातल्या बाईशी बोलते, म्हणजे बकिंगहॅमशरची कल्पनाच हिंदुस्थानभर पसरली. करोनाच्या साथीत २०२० साली दारोदार फिरल्या त्या याच. पण सरकारच्या लेखी त्या कामगार नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. त्यांचे मोर्चे मुंबईला येतात तेव्हा आरोग्यशिक्षणावर वाचलेले निबंध त्यांच्या उपयोगी किती पडतात, हे एकदा आझाद मैदानावर जाऊन कोणी विचारावे.

१८९७ चे एक सांगावयाचे राहिले. प्लेग आला तेव्हा मुंबईतून गिरणी कामगार हजारोंनी गावी पळाले. नारायण मेघाजी लोखंडे पळाले नाहीत. त्यांनी मुंबईत रोग्यांच्या सेवेचे काम पत्करले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना नेले. तिकडे पुण्याजवळ, हडपसरकडच्या माळावर, सावित्रीबाई फुल्यांनी आणि डॉक्टर झालेल्या त्यांच्या मुलाने, यशवंतरावांनी, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. रोग्यांना आणता आणता सावित्रीबाईंनाही लागण झाली. १० मार्च रोजी त्या गेल्या. आरोग्यशास्त्राची पुढची, नववी आंतरराष्ट्रीय परिषद १८९८ च्या एप्रिलमध्ये माद्रिदला भरली.